गोल कोणता आणि घन कोणता? डब्लिनमध्ये विचारलेला प्रश्न, दिल्लीत मिळालेले उत्तर

जन्मापासून अंध असलेल्या एका माणसाची कल्पना करा. हाताने चाचपून घन आणि गोल यांतला फरक तो बिनचूक सांगतो. दोन्ही वस्तू एकाच धातूच्या, आकारमानानेही जवळपास सारख्या. आता या माणसाला प्रौढ वयात एकाएकी दृष्टी लाभली आणि त्याच दोन वस्तू त्याच्यासमोर टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता, केवळ पाहून, गोल कोणता आणि घन कोणता हे त्याला ओळखता येईल का?

हा प्रश्न विल्यम मॉलिनो या आयरिश विद्वानाने जुलै 1688 मध्ये डब्लिनहून इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारला. मॉलिनो हे प्रकाशशास्त्राचे अभ्यासक होते. भिंगे आणि दुर्बिणी यांवर त्यांनी पुढे ग्रंथही लिहिला. अंधत्व हा त्यांच्यासाठी केवळ तर्काचा विषय नव्हता. विवाहानंतर थोड्याच काळात त्यांच्या पत्नीची दृष्टी गेली होती. लॉक यांनी त्या पहिल्या पत्राला उत्तर दिले नाही. पुढे दोघांचा स्नेह जुळला, मॉलिनोंनी 1693 मध्ये तोच प्रश्न पुन्हा लिहून धाडला आणि लॉक यांनी मानवी आकलनावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला स्थान दिले. तेव्हापासून तो ‘मॉलिनोचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो.

वरवर पाहता हे एक कोडे वाटते. परंतु त्याच्या तळाशी मेंदूविषयीचा एक मूलभूत वाद आहे. बोटांना जाणवणारा कोपरा आणि डोळ्यांना दिसणारा कोपरा एकच आहे, हे ज्ञान आपण जन्मतः घेऊन येतो की अनुभवाने कमावतो? मॉलिनो आणि लॉक या दोघांचेही उत्तर ‘ओळखता येणार नाही’ असे होते. स्पर्शाची आणि दृष्टीची सांगड अनुभवानेच बसते, हे त्यांचे मत. आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी 1709 मध्ये दृष्टीविषयक ग्रंथात हाच पक्ष अधिक जोराने मांडला: दृश्य जग आणि स्पर्शाचे जग या दोन स्वतंत्र भाषा आहेत आणि त्यांतील अनुवाद आपण सवयीने शिकतो. जर्मन गणितज्ञ लायब्निट्झ यांना हे पटले नाही. गोलाला कोपरे नसतात, घनाला असतात. दोन्ही वस्तू समोर आहेत एवढे त्या माणसाला सांगितले, तर भूमितीच्या आधारे तो त्या ओळखील, असा त्यांचा युक्तिवाद होता.

वाद तर्काने मिटण्याजोगा नव्हता. त्यासाठी हवा होता जन्मांध असून नंतर दृष्टी मिळालेला माणूस.

असा एक मुलगा 1728 मध्ये विज्ञानाच्या नोंदीत आला. लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया केली आणि त्याचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. धूसर झालेले भिंग सुईसारख्या हत्याराने बाजूला सारणे, ही पद्धत त्या काळी प्रचलित होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही शलाकेने करावयाच्या अशाच शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. चेसेल्डन यांच्या रुग्णाला प्रथम दिसू लागले, तेव्हा सर्व वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्या आहेत असे त्याला वाटले. जणू त्वचेला होतो तसाच स्पर्श. घरातले मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे तो पाहून वारंवार विसरे आणि विचारायला संकोचे. मग एके दिवशी त्याने मांजराला हाताने चाचपले, त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि ‘आता पुढच्या वेळी तुला ओळखीन’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणून त्याला सोडून दिले. भिंतीवरची चित्रे त्याला सुमारे दोन महिने नुसत्या रंगीत पृष्ठभागांसारखी वाटली. त्यांत माणसे आणि वस्तू ‘आहेत’ हे उमगल्यावर त्याने चित्राला हात लावला, तो सपाटच लागला. तेव्हा त्याने विचारले की, खोटे कोण बोलते आहे, डोळे की हात?

व्हॉल्टेअर यांनी ही हकिकत फ्रान्समध्ये प्रसिद्ध केली आणि लॉक-बर्कली पक्षाला पुरावा मिळाला असे अनेकांनी मानले. तरीही शंका उरल्या. शस्त्रक्रियेनंतर डोळा सुजलेला असतो, भिंग गेल्याने प्रतिमा अंधुक असते. मुलाला ओळखता आले नाही ते मेंदूमुळे की डोळ्यामुळे? मार्युस फॉन झेंडेन या जर्मन संशोधकाने 1932 मध्ये अशा अनेक जुन्या नोंदी एकत्र केल्या. पण प्रत्येक नोंद वेगळ्या काळाची, वेगळ्या वैद्याची, वेगळ्या चाचणीची होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी 1963 मध्ये ‘एस. बी.’ या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लहानपणी दृष्टी गेलेल्या या गृहस्थाला 52 व्या वर्षी पारपटलाच्या रोपणाने ती परत मिळाली. भिंतीवरच्या घड्याळातील वेळ तो पाहताक्षणी सांगू शकला, कारण काच नसलेले घड्याळ बोटांनी वाचण्याची त्याला वर्षानुवर्षे सवय होती. मात्र ज्या वस्तूंना त्याचा हात कधी लागला नव्हता, त्या पाहून समजणे त्याला फार कठीण गेले. पुढे तो खिन्न होत गेला आणि काही काळातच, 1960 मध्ये, मरण पावला. दृष्टी मिळणे आणि पाहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या कहाणीने जगाला दाखवले.

याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन शास्त्रज्ञ मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील एकेका पेशीचे विद्युत्-संकेत नोंदवीत होते. मांजराच्या नवजात पिलाची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली आणि मग उघडली, तर डोळा निरोगी असूनही दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देत नसत. त्यांची जागा उघड्या डोळ्याच्या जोडण्यांनी बळकावलेली असे. प्रौढ मांजरावर हाच प्रयोग केला, तर असे काही होत नसे. म्हणजे मेंदूच्या घडणीला एक ठरावीक काळ असतो आणि त्या काळात अनुभवाचे खाद्य मिळाले नाही, तर पुढे फार मोठी हानी होते. या संकल्पनेला ‘निर्णायक काळ’ असे नाव मिळाले. दोघांना 1981 मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले.

या शोधाने बालनेत्रशल्यक्रियेत क्रांती केली. जन्मजात मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी, हे सूत्र रूढ झाले आणि असंख्य बालकांची दृष्टी वाचली. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. सात-आठ वर्षांपुढील जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करून काही उपयोग नाही, असा निष्कर्ष अनेकांनी त्यातून काढला. डोळा स्वच्छ होईल, पण मेंदू पाहायला शिकणार नाही. मग शस्त्रक्रिया कशाला? मांजराच्या पिलांवरून काढलेला हा निष्कर्ष मानवी मुलांना तंतोतंत लागू होतो का, हे तपासणे अवघड होते. श्रीमंत देशांत अशी मुले उरलीच नव्हती. तिथे त्यांच्यावर तान्हेपणीच उपचार होत.

भारतात ती होती, आणि आहेत. आईला गरोदरपणी झालेला रुबेला, आनुवंशिक दोष अशा कारणांनी जन्मतःच मोतीबिंदू झालेली मुले. गावापासून दूर असलेली रुग्णालये, खर्चाची धास्ती, लहान मुलांना भूल देऊन शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या केंद्रांची उणीव आणि ‘हे नशिबाचेच’ अशी समजूत. यांमुळे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे उपचार न मिळालेली मुले. आयआयटी दिल्लीचे माजी विद्यार्थी आणि अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांना 2002 च्या सुमारास दिल्लीच्या भेटीत हे वास्तव प्रकर्षाने जाणवले. त्यातून ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा राहिला. उत्तर भारतातील गावांत शिबिरे घेऊन अशी मुले शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात त्यांच्यावर मोफत उपचार करायचे आणि पालकांच्या संमतीने त्यांच्या दृष्टीची वाटचाल नोंदवायची, असे त्याचे स्वरूप. सेवा आणि संशोधन एकाच वाटेने चालू लागले.

मॉलिनोच्या प्रश्नाची नीटस चाचणी येथेच झाली. तिचा निबंध 2011 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिले लेखक रिचर्ड हेल्ड हे दृष्टी आणि शारीरिक हालचाल यांच्या संबंधांवर आयुष्यभर काम केलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ. सहलेखकांत पवन सिन्हा, तपन गांधी आणि डॉ. सुमा गणेश होते. चाचणीत 8 ते 17 वर्षे वयाची पाच मुले होती. शस्त्रक्रियेनंतर 48 तासांच्या आत त्यांची परीक्षा घेण्यात आली.

प्रयोगाची मांडणी साधी होती. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या, डोळ्यांना सहज दिसतील एवढ्या मोठ्या आकृतींच्या जोड्या केल्या. मुलाला आधी एक आकृती द्यायची, मग दोन आकृती द्यायच्या आणि त्यांतली आधीची कोणती हे विचारायचे. तीन प्रकारे: हाताने चाचपलेली आकृती हाताने ओळखणे, पाहिलेली आकृती पाहून ओळखणे आणि हाताने चाचपलेली आकृती पाहून ओळखणे. दुसऱ्या प्रकारात खरी खुबी होती. चेसेल्डन यांच्या रुग्णाविषयी जी शंका होती, की मुळात डोळ्याला नीट दिसत होते का, तिचे उत्तर त्यातून मिळणार होते.

हाताने-हाताने या प्रकारात अचूकता 98 टक्के होती. पाहून-पाहून या प्रकारात 92 टक्के. म्हणजे डोळे आकृतींतला फरक टिपत होते. परंतु हाताने चाचपलेली आकृती पाहून ओळखण्याची वेळ आली, तेव्हा अचूकता 58 टक्क्यांवर घसरली. दोनांतून एक निवडायचा असताना नाणेफेक केली तरी 50 टक्के बरोबर येतात. थोडक्यात, मुले अंदाजाने बोट दाखवीत होती. 1688 च्या प्रश्नाला उत्तर मिळाले: ओळखता येत नाही. लॉक आणि मॉलिनो यांचा होरा बरोबर होता.

पण खरा धक्का पुढे होता. यांपैकी काही मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांच्या अचूकतेत मोठी वाढ झालेली दिसली, आणि तीही काहींच्या बाबतीत आठवडाभराच्या आतच. मधल्या काळात त्यांना कोणतेही खास प्रशिक्षण दिलेले नव्हते. घरात वावरताना, वाटी उचलताना, दाराची कडी लावताना मेंदूने स्वतःच हाताची आणि डोळ्याची भाषा जुळवून घेतली होती. जी सांगड जन्मतः नव्हती, ती दहा-पंधरा वर्षांच्या अंधारानंतरही काही दिवसांत बसू शकली. या प्रयोगावर काही तत्त्वज्ञांनी आक्षेपही घेतला. मुलांना ठोकळे वेगवेगळे दिसले हे खरे. पण त्रिमिती आकार म्हणून दिसले का, असा त्यांचा सवाल होता. विज्ञानात असे आक्षेप हा उत्तराचाच भाग असतो.

याच प्रकल्पातील इतर निरीक्षणे मेंदूच्या कामाची रीत अधिक उघड करतात. नुकतीच दृष्टी लाभलेल्या माणसाला एकमेकांवर चढलेले वर्तुळ आणि चौकोन दाखवले, तर तो ‘तीन वस्तू आहेत’ असे सांगतो. कारण दोहोंचा सामाईक भाग त्याला स्वतंत्र तुकडा वाटतो. छायाचित्रातली वस्तू आणि तिची सावली, रंगाचा प्रत्येक डाग, त्याला वेगवेगळा दिसतो. आपल्याला जग वस्तूंचे बनलेले दिसते. त्याला ते तुकड्यांचे दिसते. मग हे तुकडे जुळतात कसे? हालचालीने. आकृती हलू लागली, की जे तुकडे एकत्र सरकतात ते एका वस्तूचे, हे त्याला तत्काळ कळते. काही महिन्यांच्या अनुभवानंतर स्थिर चित्रांतल्या वस्तूही त्याला वेगळ्या काढता येऊ लागतात. गती ही मेंदूची पहिली शिक्षिका आहे, असे या निरीक्षणांवरून दिसते.

आता याच्या अगदी उलट वाटणारी गोष्ट पाहा. दोन रेषा सारख्याच लांबीच्या असूनही टोकांना बाणाची पाती आत किंवा बाहेर वळवल्याने लहान-मोठ्या भासतात. रेल्वेच्या रुळांसारख्या एकवटत जाणाऱ्या रेषांमध्ये ठेवलेल्या दोन समान पट्ट्यांतली वरची मोठी भासते. हे दृष्टिभ्रम आपल्या आयुष्यभराच्या अनुभवातून, खोल्यांचे कोपरे आणि लांब जाणारे रस्ते पाहून निर्माण होतात, असे एक प्रबळ मत होते. तपन गांधी, पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त दाखवले, की नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, रस्ता किंवा कोपरा कधीच न पाहिलेली मुलेही या भ्रमांना लगेच बळी पडतात. म्हणजे हाताने ओळखीचा असलेला ठोकळा त्यांना पाहून ओळखता येत नाही, पण रेषांकडून फसवणूक मात्र पहिल्याच दिवसांत होते. अनुभववादी आणि जन्मजातवादी हे दोन्ही पक्ष आपापल्या जागी थोडे बरोबर आणि थोडे चूक होते. मेंदू कोरी पाटी घेऊन येत नाही आणि लिहिलेली पोथी घेऊनही येत नाही.

अगदी अलीकडचा, 2024 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला निष्कर्ष तर फारच चकित करणारा आहे. उशिरा दृष्टी मिळालेली मुले रंगीत चित्रांतल्या वस्तू इतर मुलांइतक्याच चांगल्या ओळखतात. तीच चित्रे कृष्णधवल केली, की त्यांची अचूकता लक्षणीय घसरते. असे का व्हावे? नवजात बालकाच्या दृष्टिपटलातील रंग टिपणाऱ्या शंकूपेशी अपक्व असतात, त्यामुळे त्याला सुरुवातीला रंग फिकेच दिसतात आणि मेंदू उजेड-छायेच्या आधारे वस्तू ओळखायला शिकतो. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांचे डोळे तोवर पक्व झालेले असतात. पहिल्याच दिवशी त्यांना रंगांचे भांडार मिळते आणि मेंदू रंगांवर विसंबून राहतो. संशोधकांनी संगणकीय प्रारूपांना आधी रंगहीन आणि मग रंगीत चित्रे शिकवून पाहिली, तेव्हा तीही रंगबदलाने कमी गोंधळली. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतील ज्या उणिवा आपण दुबळेपणा समजत होतो, त्या बहुधा निसर्गाने आखलेल्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा आहेत.

मग निर्णायक काळाच्या सिद्धान्ताचे काय? तो खोटा ठरलेला नाही. उशिरा उपचार झालेल्या मुलांच्या दृष्टीची तीक्ष्णता सामान्य पातळीवर येत नाही. बारीक अक्षरे वाचणे, चेहऱ्यांतले सूक्ष्म फरक ओळखणे त्यांना पुढेही जड जाते. परंतु ‘तीक्ष्ण दृष्टी नाही’ आणि ‘दृष्टीचा उपयोग नाही’ यांत फार मोठे अंतर आहे. याच संशोधकांनी 2006 मध्ये एका भारतीय महिलेचा अभ्यास मांडला होता. तिच्यावर वयाच्या बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. वीस वर्षांनंतर तपासले, तेव्हा तिची दृष्टी अंधुक होती; पण वस्तू आणि चेहरे ओळखण्याची बहुतेक कामे ती पार पाडू शकत होती. आठ वर्षांवरील मुलाला ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवणे शास्त्राला धरून नाही, हे या सर्व पुराव्याचे व्यावहारिक सार आहे.

या इतिहासात एक बोचरी गोष्ट आहे आणि ती नजरेआड करता कामा नये. युरोपातील तत्त्वज्ञांच्या प्रश्नाचे उत्तर भारतात मिळू शकले, ते आपल्या वैद्यकीय व्यवस्थेने ज्या मुलांना वेळेवर गाठले नाही त्यांच्यामुळे. त्या पाच मुलांनी विज्ञानाला जे दिले, त्याची किंमत त्यांनी आधीच, अंधारात गेलेल्या बालपणाच्या रूपाने, चुकवली होती. म्हणून अशा संशोधनाचे खरे यश तपासण्यासाठी एकही मूल न उरण्यात आहे.

ते साध्य होण्याजोगे आहे. रुबेला टाळणारी लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. आणि एक निरीक्षण तर कोणालाही करता येईल. बाळाच्या डोळ्याची बाहुली काळी न दिसता पांढुरकी दिसत असेल, दोन-तीन महिन्यांनंतरही बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर स्थिर करीत नसेल किंवा त्याचे डोळे सतत थरथरत असतील, तर ‘मोठे झाल्यावर पाहू’ असे न म्हणता त्याला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. दाट जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत झाली, तर सर्वांत उत्तम. आणि ती वेळ निघून गेली असेल, मूल दहा किंवा पंधरा वर्षांचे असेल, तरीही न्यावे. त्याचा मेंदू शिकायला अजून तयार असू शकतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

#विज्ञानाचाइतिहास #मेंदूविज्ञान #बालदृष्टी